रानटी की मोकाट

मी लिहिलेले पहिले हरकतीचे पत्र चार पानांचे होते आणि ते लिहिताना मी रडले होते. नेवाडा राज्यातील एका डोंगराळ सरकारी पट्ट्यात फिरणारे घोडे हेलिकॉप्टरने हाकून, पकडून तिथून हलवण्याचा आराखडा जाहीर झाला होता आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी नागरिकांना तीस दिवस दिले होते. स्वातंत्र्य, सौंदर्य, क्रौर्य असे सगळे शब्द मी त्या चार पानांत वापरून टाकले. काही महिन्यांनी अंतिम दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याच्या परिशिष्टात आलेल्या हरकती आणि त्यांना दिलेली उत्तरे यांचा तक्ता होता. त्यात माझे पत्र सापडायला अर्धी रात्र गेली. एकाच मसुद्यावर सह्या करून हजारो लोकांनी पाठवलेली पत्रे तक्त्यात एका ओळीत बसवली होती, आणि माझी चार पानेही त्याच ओळीत गेली होती. समोर उत्तर होते : घोडे हलवण्यास विरोध असल्याची नोंद घेतली.

ही गोष्ट २०२० सालची. त्यानंतर मी दुसरे पत्र लिहिले, घोडे पकडताना प्रत्यक्ष पाहिले आणि आता गेली दोन वर्षे घोड्यांना संततिनियमनाची लस देणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करते आहे. तो सगळा क्रम इथे लिहिते आहे. त्या पट्ट्याचे आणि संबंधित कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझे अजून काम पडते.

आम्ही नेवाडातल्या रीनो शहरात आलो ते नवऱ्याच्या नोकरीसाठी. शहराच्या पूर्व कडेला, जिथे वस्ती संपून सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांच्या टेकड्या सुरू होतात, तिथे भाड्याचे घर मिळाले. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी कचरा टाकायला बाहेर गेले, तर शेजाऱ्यांच्या हिरवळीवर सहा घोडे शांतपणे चरत होते. पंढरपूरला माझ्या आजोबांचा टांगा होता. घोड्याच्या लिदीचा, ओल्या चामड्याचा आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा वास माझ्या लहानपणात मुरलेला आहे. हे घोडे चित्रात असतात तसे उंच, तुकतुकीत नव्हते. बुटके, रुंद छातीचे, दाट आयाळीचे आणि पायाने पक्के होते. मेंढ्यांमागे संसार लादून चालणारी धनगरांची भीमथडी तट्टे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते लगेच ओळखीचे वाटतील.

शेजारी बाहेर आले. त्यांचे घराणे तीन पिढ्या गाई पाळणारे. मी कौतुकाने "हेच का ते रानटी घोडे?" असे विचारले, तर ते म्हणाले, "रानटी कसले! मोकाट आहेत."

मला तेव्हा तो केवळ चिडलेल्या माणसाचा शेरा वाटला. या विषयातला सगळा कायदा त्या एका शब्दावर उभा आहे, हे समजायला मला दोन वर्षे लागली.

अमेरिकेच्या पश्चिमेत सरकारच्या मालकीची जमीन अफाट आहे. एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर आहे. आपल्या गायरानाची कल्पना कित्येक जिल्ह्यांवर पसरावी, तसा हा प्रकार असतो. तिथे गुरे चारायला परवाने मिळतात, खाणी निघतात, लोक शिकारीला जातात आणि घोडेही राहतात. घोड्याची जात मुळात उत्तर अमेरिकेतच विकसित झाली, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीशी झाली आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती जहाजांतून परत आणली. पुढे पळालेले, सोडून दिलेले, लष्कराचे आणि गुराख्यांचे घोडे एकमेकांत मिसळून हे कळप तयार झाले. म्हणून एक बाजू म्हणते की हा इथला मूळ प्राणी घरी परतला आहे, आणि दुसरी बाजू म्हणते की ही दावे तोडून पळालेली पाळीव जनावरे आहेत.

हा वाद कायद्याने मिटवायला लावणारी बाई याच भागातली होती. व्हेल्मा जॉन्स्टन रीनोच्या एका कार्यालयात सचिव होती. लहानपणी पोलिओ झालेला, चेहऱ्यात आणि शरीरात त्याची खूण राहिलेली. १९५० साली कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना तिला दिसले. पाठलाग केल्यावर कळले की आत रानात पकडलेले, जखमी घोडे कोंबले आहेत आणि ते पाळीव जनावरांच्या खाद्यासाठी कत्तलखान्याकडे चालले आहेत. तिने आधी आपल्या तालुक्याएवढ्या स्टोरी काउंटीत १९५२ साली विमानाने घोडे हाकण्यावर बंदी आणवली, मग राज्यात कायदा करवला आणि १९५९ मध्ये वॉशिंग्टनकडून केंद्राचा कायदा मिळवला. तिची टिंगल म्हणून कोणी 'वाइल्ड हॉर्स ॲनी' म्हटले, तर तिने तेच नाव धारण केले. शाळकरी मुलांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि डिसेंबर १९७१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. हे घोडे आणि गाढवे पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत प्रतीके आहेत, त्यांना पकडणे, दाग देणे, छळणे, मारणे हा गुन्हा आहे, असे तो कायदा सांगतो.

मात्र त्यात एक अट आहे. १९७१ मध्ये घोडे जिथे आढळले, ती जमीन ब्युरोच्या किंवा वनसेवेच्या ताब्यात असेल, तरच हे संरक्षण लागू होते. माझ्या दारात आलेले घोडे व्हर्जिनिया रेंज या डोंगररांगेतले. हीच डोंगररांग स्टोरी काउंटीत आहे, ॲनीची लढाई सुरू झाली ती इथल्याच घोड्यांवरून, आणि तरी या घोड्यांना १९७१ चा कायदा लागू नाही. त्यांचे बहुतेक रान खासगी आहे आणि ते राज्याच्या कृषी खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणजे कायद्याच्या भाषेत ते मोकाट पशुधन आहेत. माझे शेजारी अक्षरशः बरोबर बोलले होते. दोन तास गाडी चालवून पूर्वेला गेले, की तशाच टेकड्यांवर तसाच घोडा कायद्याने रानटी होतो.

तरीही रानटी ठरला म्हणून घोडा जागच्या जागी राहतोच असे नाही. १९७१ च्या कायद्यात 'अतिरिक्त' घोडे हलवण्याची तरतूद आहे, १९७६ मध्ये हेलिकॉप्टर वापरायला परवानगी मिळाली आणि १९७८ च्या दुरुस्तीने प्रत्येक पट्ट्यात किती घोडे योग्य याची मर्यादा ठरवण्याची पद्धत पक्की झाली. आज घोड्यांचे असे पावणेदोनशेच्या आसपास पट्टे आहेत, त्यांचे क्षेत्र अडीच कोटी एकरांहून जास्त आहे आणि सगळ्यांची मिळून मर्यादा जेमतेम २६,००० जनावरांची आहे. मार्च २०२४ चा अंदाज ७३,५२० होता. त्याच्या चार वर्षे आधी तो ९५,००० च्या वर गेला होता. म्हणजे बहुतेक पट्ट्यांत कोणी ना कोणी 'अतिरिक्त' आहेच. पकडलेल्या घोड्यांपैकी ६०,००० हून अधिक सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत आहेत, आणि या कार्यक्रमाच्या खर्चातला सुमारे दोनतृतीयांश पैसा त्यांच्या चाऱ्यापाण्यावर जातो. मी पेशाने हिशेब तपासणारी आहे. पहिल्या पत्राच्या वेळीही असे आकडे माझ्यासमोर होते, आणि मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

दुसऱ्या पत्राची तयारी मी एका सत्तरीतल्या बाईंकडून शिकले. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, गेली वीस वर्षे घोड्यांच्या वह्या ठेवणाऱ्या. एका बैठकीत मी माझ्या पहिल्या पत्राची कहाणी सांगितली, तेव्हा त्या हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुला काय वाटतं ते त्यांना माहीत आहे. त्यांना माहीत नाही असं काहीतरी लिही."

शेजारच्या दुसऱ्या एका पट्ट्याचा आराखडा येऊ घातला होता. २०२१ च्या मे ते सप्टेंबरमध्ये, एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी, आम्ही दोघी तिथे जायचो. पहाटे तीनला निघायचे, शेवटचा तास खडीच्या रस्त्यावर, दोन जादा टायर, वीस लिटर पाणी. मग एखाद्या पाणवठ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसून राहायचे. कळप येतो तो ओळीने. अनुभवी घोडी पुढे, शिंगरे आईच्या कुशीला चिकटून, आणि नर मागे किंवा बाजूला, दुसऱ्या नराच्या लिदीच्या ढिगापाशी थांबून, हुंगून, त्यावर आपली भर घालून मगच पुढे.

प्रत्येक घोड्यासाठी वहीत एक पान. रंग, कपाळावरचा पट्टा, पाय, आयाळ कोणत्या बाजूला पडते, जखमांच्या खुणा, कोणाबरोबर दिसला. बाईंच्या वहीत इंग्रजी शब्द होते. माझ्या वहीत नकळत रंगांसाठी आजोबांचे शब्द उतरू लागले : कुमेद, अबलख, मुश्की, सब्जा. एका घोडीचे चारही पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा होता. ती पंचकल्याणी. आजोबांच्या लेखी असे जनावर शुभ आणि बाजारात महाग. माझ्या वहीत तिचा क्रमांक १७. सप्टेंबरअखेर वहीत ६१ पाने भरली होती.

पण पत्राला उपयोगी पडली ती घोड्यांची पाने नव्हेतच. त्या पट्ट्यात दोन झरे होते, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. आराखड्याच्या मसुद्यात म्हटले होते की घोड्यांच्या संख्येमुळे झऱ्याकाठचे गवत नष्ट झाले आहे, आणि पुराव्यादाखल दक्षिणेच्या झऱ्याची मोजमापे दिली होती. माझ्या वहीत मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या नऊ शनिवारी एकच नोंद होती : उत्तरेच्या झऱ्याभोवतीच्या कुंपणाचे फाटक बंद. ते कुंपण गुरांच्या परवान्याच्या सोयीसाठी घातलेले होते. गुरे हलवल्यानंतरही फाटक कोणी उघडले नव्हते. सगळे घोडे एकाच पाण्यावर येत होते, आणि त्याच पाण्याच्या काठी मोजमाप झाले होते.

दुसरे पत्र दीड पानाचे झाले. फाटकाची तारीखवार छायाचित्रे, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, आणि तीन प्रश्न. पहिला : उत्तरेच्या झऱ्यावर मोजणी का नाही? दुसरा : याच पट्ट्यात गुरांना किती चारा वाटून दिला आहे आणि घोड्यांना किती, हे एकाच तक्त्यात का मांडलेले नाही? इथे चारा मोजण्याचे एकक असे आहे की एक गाय आणि तिचे वासरू, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढ्या यांना महिनाभर लागेल तेवढा चारा म्हणजे एक. केंद्राच्या जमिनीवर त्या एका एककाची फी २०२४ मध्ये १.३५ डॉलर होती, तेवढ्यात रीनोला चहाचा कपही मिळत नाही. तिसरा प्रश्न : पकडण्याऐवजी लस देऊन संख्या उतरवायला किती वर्षे लागतील, याचे गणित पर्याय म्हणून मांडले आहे का? राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१३ मध्येच म्हटले होते की कळप वर्षाला पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढतात, घोडे काढून नेल्याने उरलेल्यांना चारा वाढतो आणि वाढीचा वेग टिकून राहतो, आणि म्हणून संततिनियमनाकडे वळले पाहिजे. मी त्या अहवालाचे पान क्रमांक दिले. त्या पत्रात विशेषण एकही नव्हते.

या वेळी परिशिष्टात माझ्या पत्राला स्वतःची जागा मिळाली, आणि प्रत्येक मुद्द्याला वेगळे उत्तर. नकाशा दुरुस्त झाला. गुरे गेल्यावर फाटक उघडे ठेवायचे, असे वाक्य अंतिम निर्णयात आले. उत्तरेचा झरा मोजणीच्या यादीत आला. हलवायच्या घोड्यांचा आकडा मात्र एकानेही कमी झाला नाही. निर्णयावर तीस दिवसांत अपील करता येते. पण निर्णय तत्काळ अंमलात आणल्यावर अपील चालू असतानाही घोडे पकडले जाऊ शकतात. आम्ही अपील केले नाही. वकिलाचा खर्च झेपणारा नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो पट्टा मी पाहिला होता. सलग दुष्काळात तिथले गवत माझ्या घोट्याएवढेही राहिले नव्हते. आकडा योग्य होता असे मी म्हणणार नाही, पण शून्य हा आकडाही मला प्रामाणिकपणे लिहिता आला नसता. हे मी चळवळीतल्या काही मित्रांना सांगितले तेव्हा दोघांनी माझ्याशी बोलणे सोडले.

घोडे पकडण्याच्या या कामाला सरकारी भाषेत 'गॅदर' म्हणतात, विरोधक 'राउंडअप' म्हणतात. मला आपला शिकारीतला शब्द जवळचा वाटतो : हाका. मार्च ते जून हा विण्याचा काळ म्हणून हेलिकॉप्टर वापरत नाहीत. आमच्या पट्ट्यात जुलै २०२२ मध्ये काम सुरू झाले. त्या वर्षी देशभरात वीस हजारांहून जास्त जनावरे हलवली गेली.

नागरिकांना हे पाहता येते. पहाटे पावणेपाचला पेट्रोल पंपाच्या आवारात जमायचे, वहीत नाव लिहायचे, आणि सरकारी गाडीच्या मागे आपापल्या गाड्यांची रांग लावून जायचे. आम्ही सात जण होतो. टेकडीवर एक जागा नेमून दिलेली, तिथून हलायचे नाही, भडक कपडे नकोत, हेलिकॉप्टर घोडे घेऊन आले की सर्वांनी खाली बसायचे. खाली सुमारे मैलभर अंतरावर सापळा होता : लोखंडी जाळ्यांचे कुंपण, आणि त्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना पसरत गेलेल्या गोणपाटाच्या लांब भिंती, धान्य पाखडायच्या सुपासारख्या. गोणपाट पलीकडचे दिसू देत नाही, म्हणून घोड्याला ती खरी भिंत वाटते.

आधी धूळ दिसते, आवाज नंतर येतो. ७ वाजून १२ मिनिटांनी पहिला कळप उतारावरून आला. हेलिकॉप्टर लांबून, जवळजवळ आळसावल्यासारखे मागे होते. गोणपाटाच्या तोंडाशी आल्यावर मात्र ते एकदम खाली उतरले, आणि त्याच क्षणी भिंतीआडून एका माणसाने हातातला घोडा सोडला. या शिकवलेल्या घोड्याला तिथे जूडास म्हणतात. आपण त्याला फितूर म्हटले असते. तो सरळ कुंपणाकडे धावला, आणि घाबरलेला कळप आपल्यातलाच कोणी वाट जाणतो आहे असे समजून त्याच्यामागे गेला. फाटक लागले. हे सगळे दीड मिनिटात झाले असेल. मी अकरा मोजले. त्यांतली पंचकल्याणी मला दुर्बिणीशिवायही ओळखता आली असती.

एक शिंगरू मागे राहिले होते. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर परत फिरले नाही, एक घोडेस्वार गेला आणि दोराने धरून, हळूहळू चालवत त्याला घेऊन आला. त्याने ते काम घाई न करता केले, हेही लिहिले पाहिजे. कुंपणात मात्र शांतता नव्हती. नर वेगळे, घोड्या वेगळ्या, शिंगरे वेगळी करताना एक कुमेद नर तीनदा जाळीवर गेला. दररोज संध्याकाळी संकेतस्थळावर अहवाल येतो : किती पकडले, किती हलवले, किती मेले आणि कशाने. माझी दिवसाची मोजणी आणि अहवालाची मोजणी रोज जुळली. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात एक ओळ होती, 'नर, ७ वर्षे, मान मोडून मृत्यू'. माझ्या वहीत त्याचे पान होते, क्रमांक ४. मी त्यावर तारीख आणि कारण लिहिले आणि पान तसेच ठेवले.

तिसऱ्या दिवशी आम्हाला ज्या जागी बसवले, तिथून सापळाच दिसत नव्हता, मध्ये डोंगराची सोंड येत होती. सुरक्षितता, एवढेच कारण सांगितले गेले. बाईंनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तक्रार लिहिली आणि त्यात छायाचित्रकार लॉरा ली यांच्या खटल्याचा उल्लेख केला. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे की लोकांना अशा वेळी दूर ठेवण्यामागची कारणे न्यायालयाने काटेकोरपणे तपासली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी आमची जागा बदलली. सापळ्याचे तोंड दिसू लागले, आतले कुंपण शेवटपर्यंत दिसले नाही. मी वहीत मोजणीचे दोन रकाने केले, 'पाहिलेले' आणि 'सांगितलेले'.

ऑगस्टच्या शेवटी मी पॅलोमिनो व्हॅलीला गेले. रीनोच्या उत्तरेला असलेले हे सरकारी केंद्र लोकांना खुले असते. उघड्या माळावर लोखंडी कोंडवाड्यांच्या रांगा, प्रत्येकात गवताचे भारे आणि पाण्याचे हौद. इथे घोड्यांना लसी टोचतात, रक्ततपासणी होते, नरांचे खच्चीकरण होते आणि मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, गोठवून दाग दिला जातो. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेली पट्टी लावली, की त्या जागी पुढे पांढरे केस येतात. त्यात सरकारची खूण, जन्माचे अंदाजे वर्ष आणि नोंदणी क्रमांक असतो. माझी क्रमांक १७ कुंपणाच्या मधोमध, इतर घोड्यांकडे पाठ करून उभी होती. दाग ताजा होता, तिथली कातडी अजून सुजलेली. शिंगरू तिच्याजवळ नव्हते, ते तोडले होते. दातांवरून तिचे वय बाराच्या पुढे धरले होते.

दत्तक घेता येते. किमान फी १२५ डॉलर, पण त्याआधी प्रत्येक घोड्यामागे चारशे चौरस फुटांचे कुंपण, न शिकवलेल्या प्रौढ घोड्यासाठी सहा फूट उंच, आणि निवारा दाखवावा लागतो, मालकीचा कागद वर्षभराने मिळतो. आमच्या भाड्याच्या घराचे अंगण एवढेही नाही. २०१९ मध्ये दत्तक घेणाऱ्यालाच एक हजार डॉलर देण्याची योजना आली होती. पैसे घेऊन, वर्ष सरल्यावर घोडे कत्तलीसाठी खरेदी होणाऱ्या लिलावांत विकले गेल्याचे उघड झाले, आणि मार्च २०२५ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ती योजना रद्द ठरवली. पंचकल्याणीला कोणी नेले नाही. वय झालेल्या घोड्यांना ओक्लाहोमा, कॅन्सस अशा राज्यांतल्या भाड्याच्या कुरणांवर पाठवतात, तशी तीही गेली. चारा भरपूर असतो, असे सांगतात.

मी लसीकडे वळले ते यानंतर. व्हर्जिनिया रेंजच्या मोकाट घोड्यांवर २०१९ पासून एका संस्थेचा मोठा उपक्रम चालू आहे. डोंगररांगेत सुमारे तीन लाख एकर रान आणि तीन हजारांवर घोडे, शेजारी बॅटऱ्यांचे प्रचंड कारखाने आणि गोदामे, आणि मधून जाणारे महामार्ग. २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्याच्या कृषी मंडळाने या घोड्यांची मालकी खासगी हातांत द्यायचा ठराव केला होता. तो तडीस गेला नाही, पण त्यामुळे एवढे सगळ्यांना कळले की संख्या आटोक्यात ठेवून दाखवली नाही तर हे घोडे केव्हाही जाऊ शकतात. मोकाट जनावरांना केंद्राचा कायदाच लागू नाही, त्यामुळे तिथे तर हरकतीचे पत्र पाठवायचीही सोय नाही.

लसीचे नाव पीझेडपी. डुकराच्या अंडाशयातील प्रथिनापासून ती बनवतात. घोडीचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्यामुळे शुक्राणू अंड्यात शिरू शकत नाही. संप्रेरकांना हात लागत नाही, म्हणून कळपातले वागणे फारसे बदलत नाही. पहिला डोस, काही आठवड्यांनी दुसरा, मग वर्षातून एकदा. देण्यासाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. पहिला दिवस मी बंदुकीला हातही लावला नाही. काचेच्या दोन सिरिंज तोंडाला तोंड जोडून, औषध आणि तेलकट द्रव एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ढकलायचे, शंभर वेळा, घट्ट पांढरे लोण्यासारखे होईपर्यंत. साठाव्या वेळेला अंगठा बधिर होतो. लोणी काढताना आजी मोजायची नाही, आवाजावरून ओळखायची, आणि मीही आता मोजत नाही. सुई स्वतःला लागली तर माणसातही वंध्यत्व येण्याचा धोका आहे, म्हणून त्या टेबलापाशी गप्पा मारायच्या नाहीत.

रानात चाळीस पावलांच्या आत पोचावे लागते. सरळ चालत गेले तर घोडी निघून जाते. खाली बघत, तिरके, जणू आपल्याला सेजब्रशमध्ये काही हरवलेले शोधायचे आहे असे दाखवत जावे लागते. कमरेच्या जाड स्नायूत डार्ट बसतो, ती दचकून वीस पावले जाते आणि पुन्हा चरू लागते. मग वहीत तारीख, वेळ, घोडी, बाजू डावी की उजवी, डोस कितवा. हे उत्तर सगळ्यांना पटत नाही. जुन्या मित्रांपैकी काही जण म्हणतात की मी सरकारचेच काम करते आहे, फक्त हेलिकॉप्टरशिवाय. यात तथ्य नाही असे मला म्हणता येत नाही. माझ्या वहीतल्या पानांवर मात्र आता शेवटची नोंद 'हलवली' अशी नसते.

शेजारी अजून मोकाटच म्हणतात. पण गेल्या हिवाळ्यात रस्त्यावर घोडे आले, तेव्हा पहाटे पाच वाजता मला फोन त्यांनीच केला, आणि गाडीचे दिवे लावून वाहतूक थोपवत मी पोचेपर्यंत उभेही तेच होते.

डार्ट अंगातून आपोआप गळून पडतो आणि तो परत मिळवावाच लागतो, कारण त्यात सुई असते आणि प्रत्येकाचा हिशेब द्यायचा असतो. गेल्या रविवारी आम्ही तीन घोड्यांना डोस दिला. दोन डार्ट लगेच सापडले. तिसरा, एका अबलख घोडीचा, अडीच तास शोधूनही मिळाला नाही. ती ज्या ओघळीत उतरली होती तिथे बर्फ पडले आहे. शनिवारी धातुशोधक यंत्र घेऊन पुन्हा जायचे आहे, तोवर तिच्या पानावर तो रकाना रिकामा आहे.